अकरा नंबरच्या फोटोतलं धुकं

१

कॉपी पकडण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. मुलुंडला शाळेत गणित शिकवत होते, पण गणित कुणाच्या लक्षात राहत नाही. लोकांना आठवते ती परीक्षा केंद्रावरची सुलक्षणाबाई. त्यामुळे एका मंगळवारी सकाळी चौथ्या मजल्यावरचा देवदत्त हातात पाकीट घेऊन माझ्या दारात उभा राहिला, याचं मला नवल वाटलं नाही. नेमकी चहाची वेळ साधून आला होता, त्याचंही नाही.

देवदत्त आमच्या भागातल्या छायाचित्र मंडळाचा चिटणीस. रविवारी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि हॉलच्या दाराखालून कुणीतरी हे पाकीट आत सरकवलं होतं. आत चार कागद होते. काळ्या जाड मार्करने, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, चार कागदांवर मिळून दोनच वाक्यं लिहिलेली. अकरा नंबरचा फोटो श्यामकांत कर्णिक यांनी काढलेला नाही. ज्याने काढला त्याचं नाव शोधा आणि खाली लावा. सही नव्हती.

श्यामकांत कर्णिक म्हणजे ज्याने हे मंडळ काढलं तो माणूस. वय चौऱ्याहत्तर. अर्ध्या मुलुंडला कॅमेरा धरायला त्यांनी शिकवलं. त्यांची खासियत एकच, उजाडायच्या आधीचा समुद्र आणि खडक. वर्षाला एक फोटो लावायचे आणि लोक त्या एका फोटोसाठी प्रदर्शनाला यायचे. यंदाही पहिलं बक्षीस त्यांनाच जाहीर झालं होतं. मंडळाचा नियमही त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला, दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या नावावर दिला तर नाव कायमचं कमी. अपवाद नाही.

"बाई, नावाचं एक वेळ सोडा," देवदत्त म्हणाला. "काकांचा रविवार जाईल."

रविवारचं प्रकरण आख्ख्या सोसायटीला माहीत होतं. काकांचा मुलगा अनय कॅनडात गेला, तिथेच दुसरा संसार थाटला. सून दर्शना घटस्फोटानंतर भांडुपला भाड्याच्या घरात राहायला गेली. कायद्याने सासरा आणि सून हे नातं संपलं. पण चार वर्षं दर रविवारी पहाटे पाचला तिची गाडी काकांच्या बिल्डिंगखाली उभी राहते आणि दोघं मालाडच्या पलीकडे एरंगळच्या किनाऱ्यावर जातात. कुणी खोचक विचारलंच, तर ती सांगते, बाबांना फोटो काढायचे असतात. दोघांना भेटायला तेवढं एकच कारण उरलेलं. मंडळाने काकांना काढलं तर ते कॅमेऱ्याला हात लावणार नाहीत, इतके मानी आहेत. मग ती तरी काय म्हणून येणार? बायको गेलेला, मुलगा तुटलेला माणूस. त्याच्याकडून आठवड्याचा तो एक दिवस काढून घ्यायचा का, एवढाच प्रश्न होता.

मी चष्मा पुसून ते कागद पुन्हा पाहिले आणि देवदत्तला म्हटलं, सोपं आहे. फोटोची मूळ फाईल मागवा. कुठल्या कॅमेऱ्याने, कधी काढला, सगळं त्यात असतं एवढं मलाही कळतं.

"मागितली," तो म्हणाला. "दर्शना म्हणते, पुसली गेली."

२

तेहतीस वर्षांत मी "बाई, चिठ्ठी वाऱ्याने उडून आली" हे इतक्यांदा ऐकलंय की "पुसली गेली" ऐकल्यावर माझे कान आपोआप टवकारतात. पाणी कुठेतरी मुरत होतं. मी त्याच दुपारी हॉलवर गेले.

अकरा नंबर भिंतीला टेकवून ठेवला होता. खरं सांगते, मला फोटोतलं काही कळत नाही. लग्नाच्या अल्बमपलीकडे माझी मजल नाही. पण त्या फोटोसमोरून मी हलले नाही. काळे खडक दुधातून वर आल्यासारखे दिसत होते. लाटा नव्हत्याच, नुसता कापूस. कॅमेरा हलू न देता अर्धा मिनिट त्याचा डोळा उघडा ठेवला की लाटा अशा विरघळतात, हे मला मागाहून समजलं. आणि सगळ्यावर धुकं. मधल्या खडकाच्या फटीत एक बांबू तिरका खोचलेला, त्याला भगव्या फडक्याची चिंधी. का कोण जाणे, मला माझी आई आठवली.

फ्रेम करायचं काम रेवतीकडे होतं. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, विक्रोळीला नोकरी, फोटो काढते ते मोबाइलवर. गेल्या वर्षी काकांनी चारचौघांत तिच्या फोटोंना टाइमपास म्हटलं होतं आणि ते तिच्या मनाला लागलं होतं. संशय घ्यायला जागा होती. मी सरळ विचारलं, तर तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं की राग आहे, चांगलाच आहे, पण पत्रबित्र लिहिण्याइतका वेळ तिला नाही. जे बोलायचं ते ती तोंडावर बोलते. मला ती आवडली.

मग तिने एक गोष्ट सांगितली. आठवड्यापूर्वी प्रिंट आली तेव्हा काका हॉलवर आले होते. त्यांनी प्रिंटकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि तिला म्हणाले, तूच सांग यात काय आहे. तिला वाटलं, परीक्षा घेतायत. तिने खडक सांगितले, धुकं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. बांबू आहे का? आणि अगदी पुढच्या खडकावरची शिंपली नीट दिसतात का? बांबू आहे, ती म्हणाली, पण शिंपली नीट दिसत नाहीत, तीही धुक्यात आहेत.

"मग काय म्हणाले?"

"खुर्चीत बसले. बराच वेळ बसले होते. मी पाणी दिलं."

३

दुसरा संशयित सुबोध. हा माझाच विद्यार्थी, आठवी ब. आता पन्नाशीला आलाय, पण माझ्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. सहा वर्षं सलग दुसरं बक्षीस. पहिलं बक्षीस रद्द झालं तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारताच म्हणाला, बाई, पत्र माझं नाही.

मी म्हटलं, अरे, पण तुला काहीतरी माहीत आहे. आठवीतही तुझे कान असेच लाल व्हायचे.

त्याने बराच वेळ आढेवेढे घेतले. शेवटी लॅपटॉप उघडला. मार्चातला दुसरा रविवार, पहाटेची वेळ, एरंगळचे तेच खडक. मधल्या फटीत तोच बांबू, तीच भगवी चिंधी. पण लांबचा शेवटचा खडकसुद्धा धारदार दिसत होता. त्यापलीकडे एक होडी होती, तिच्यातली माणसं मोजता आली असती. धुक्याचा मागमूस नव्हता.

मी म्हटलं, बांबू तिथे नेहमीच असेल. सुबोधने मान हलवली. खडक पाण्याखाली जातो म्हणून कोळ्यांनी खुणेसाठी शनिवारी संध्याकाळी तो खोचला होता. सुबोध सोमवारी परत गेला तेव्हा बांबू वाहून गेलेला. म्हणजे अकरा नंबरचा फोटो त्याच रविवारचा, त्याच पहाटेचा. त्या पहाटे काका तिथे होते, तिकाटण्यावर कॅमेरा लावून उभे होते. सुबोधने स्वतः पाहिलं होतं. आणि दर्शना?

"ताई जरा लांब होती. तिच्याकडे छोटा कॅमेरा आहे, काकांनीच घेऊन दिलेला. तो दगडावर ठेवून काहीतरी खुडबुड चालली होती."

हे सगळं माहीत असून तू मंडळात का बोलला नाहीस, असं विचारलं तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला. त्याचे वडील गेले त्या वर्षी तो कॅमेरा विकायला निघाला होता. काकांनी विकू दिला नाही, सहा महिने रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवत बसले. आपल्याला दुसरा नंबर चालतो, तो म्हणाला. काकांची वाट लावून पहिला नको.

घरी येताना माझं डोकं भणभणलं होतं. एकच पहाट, तेच खडक, तोच बांबू. एका फोटोत स्वच्छ हवा आणि दुसऱ्यात धुकं. दोन्ही खरे कसे असतील?

४

गणितात अडलं की आकृती काढायची. मी ठरवलं, जागा बघायची. गुरुवारी पहाटे सुबोध बाइकवरून पुढे गेला. माझ्या वयाला बाइक झेपत नाही, म्हणून मी गाडी मागवली. ड्रायव्हरने एसी असा लावला होता की मार्वे रोडला लागेपर्यंत मी पदर डोक्यावरून घेतला. एरंगळला उतरले, दोन पावलं टाकली आणि मला काही दिसेना. सगळं पांढरं. खडक पांढरे, सुबोध पांढरा.

मी ओरडलेच, सुबोध, किती धुकं आहे रे.

तो म्हणाला, "कुठे धुकं, बाई? चष्मा पुसा."

गार काच दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि तरी मला दोन दिवस सुचलं नव्हतं. मी चष्मा पुसला नाही. तसाच ठेवून पुढच्या खडकाकडे पाहिलं. त्याच्यावरची शिंपली मला दिसत नव्हती. मग चष्मा पुसला आणि हॉलवर मोबाइलमध्ये काढून घेतलेला अकरा नंबर डोळ्याशी धरला. खऱ्या धुक्यात लांबचं हरवतं आणि पायाजवळचं दिसतं. या फोटोत जवळचं आणि लांबचं सारखंच पुसट होतं. धुकं समुद्रावर नव्हतंच. कॅमेऱ्याच्या काचेवर होतं.

मी सुबोधला विचारलं, कर्णिक त्यांचा कॅमेरा गाडीत कुठे ठेवतात? त्याला विचारही करावा लागला नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून डिकीत. समुद्रावर जाताना कॅमेरा एसीत ठेवायचा नाही, हा काकांचा पहिला धडा. मंडळात हा धडा झाल्याशिवाय कुणाला कॅमेऱ्याचं बटण दाबू देत नाहीत. काका मरतील पण वाफ धरलेल्या काचेतून फोटो काढणार नाहीत. सुबोध स्वतः त्या दिवशी बाइकवर होता, त्याच्या काचेवर वाफ धरणार कशी? उरला एकच कॅमेरा, दर्शनाचा छोटा, एसी गाडीत तिच्याजवळच आलेला असणार.

पत्र खरं होतं. फोटो श्यामकांतरावांचा नव्हता.

तिथून मी तडक घाटकोपरला गेले. दर्शना तिथल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, चेहरा असा की कुणी दुखवणार असेल तर आधीच तयार. मी तिला वाफेचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं नाकारेल. तिने लॅबचं दार लोटून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

ती म्हणाली की सप्टेंबरपासून बाबांचा एकही फोटो धड आलेला नाही. डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे चालता येतं, जिने उतरता येतात, पण समोरचं नेमकं दिसत नाही. ते हाताने फोकस करतात, दुसऱ्या कशावर विश्वास ठेवत नाहीत. दर वेळी बटण दाबल्यावर विचारतात, आलं का गं? आणि ती म्हणते, आलं बाबा. प्रदर्शनासाठी त्यांनी सांगितलं, तूच चांगला निवड. तिने दोनशे फोटो पाहिले, दोनशेही फसलेले. मग तिने स्वतःचा एक घातला. तिच्या लेखी तोही फसलेलाच होता, पण बघवत तरी होता. फॉर्मही तिनेच भरला, बाबांनी न वाचता सही केली. फाईलवर कॅमेऱ्याचं नाव असतं, म्हणून तीही पुसली.

"नाही आलं म्हणाले असते," ती म्हणाली, "तर पुढच्या रविवारी कशाला गेलो असतो आम्ही?"

मी तेहतीस वर्षं कॉपी पकडली, पण दुसऱ्याला पास करण्यासाठी आपला पेपर त्याच्या नावावर देणारी ही पहिलीच. मला रागवता येईना. तिने माझा हात धरला आणि एकच मागितलं. मंडळात काय सांगायचं ते सांगा, बाबांना मात्र सांगू नका की त्यांना दिसत नाही. पत्र कुणी लिहिलं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मला मात्र आता ठाऊक होतं.

५

शनिवारी संध्याकाळी मी दर्शनाला बरोबर घेऊनच कर्णिकांकडे गेले. ती जिन्यात थांबली, वर यायला तयार नव्हती. दार मी मुद्दाम उघडं ठेवलं.

श्यामकांतराव गॅलरीत बसले होते. मी चार कागद त्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हटलं, घ्या, तुमचं पत्र परत करायला आलेय.

त्यांनी आधी विषय बदलायचा प्रयत्न केला. मी बदलू दिला नाही. म्हटलं, ऐका. वैरी पत्र लिहितो तेव्हा समोरच्याला पाडायला लिहितो. हा माणूस म्हणतो, ज्याने काढला त्याचं नाव खाली लावा. वैऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? दुसरं, सगळ्यांना वाटलं अक्षर ओळखू नये म्हणून मोठं काढलंय. अक्षर लपवणारी पोरं मी शेकड्यांनी पाहिली. त्यांचा हात अडखळतो, जागोजागी थांबतो. हा हात कुठे थांबलेला नाही, नुसता मोठा आहे. ज्याला बारीक दिसत नाही तो असं लिहितो. तिसरं, तुम्ही रेवतीला शिंपली विचारलीत. धुक्याच्या फोटोत पायाजवळचं दिसतं का, हे फक्त तोच विचारेल ज्याला काचेवरच्या वाफेचा संशय आलाय. बांबू आहे म्हटल्यावर तुम्हाला दिवस कळला. शिंपली दिसत नाहीत म्हटल्यावर फोटो कुणाचा ते कळलं.

ते हसले. हसताना त्यांची मान थोडी तिरकी झाली, कडेने मला बघता यावं म्हणून.

ते म्हणाले, मी सरळ जाऊन फोटो मागे घेतला असता तर तो गेलाच असता. दर्शनाला विचारलं असतं तर ती शेवटपर्यंत नाही म्हणाली असती. ती पोरगी पकडली गेल्याशिवाय कबूल होत नाही. म्हणून चौकशी हवी होती, आणि चौकशी तुमच्यासारख्या खडूस बाईकडे जाणार हे मला माहीत होतं. मी खडूस या शब्दाकडे दुर्लक्ष केलं.

"पण तुमचं नाव कमी झालं असतं, श्यामकांतराव."

"सुलक्षणाबाई, चाळीस वर्षं मी पोरांना सांगतोय, काचेवर वाफ धरू देऊ नका. तिने नेमकी तीच चूक केली आणि त्यातून असा फोटो आला. माझ्या हातून जन्मात आला नाही असा. तो मी माझ्या नावावर लावून घेऊ?"

मी त्यांना माझा निकाल सांगितला. फॉर्म दर्शनाने भरला. त्यांनी सही केली ती न दिसता. दुसऱ्याचा फोटो माहीत असून दिला, तर गुन्हा. कळताच त्यांनी स्वतः तक्रार केली. नियम मोडलेला नाही. दर्शना मंडळाची सभासद नाही, पण प्रदर्शन सगळ्यांना खुलं आहे. अकरा नंबरखालची पट्टी बदलायची, बक्षीस तिचं. देवदत्तशी माझं बोलणं झालं होतं आणि सुबोधने सगळ्यात आधी मान डोलावली होती.

तेवढ्यात दारात दर्शना दिसली. सगळं ऐकलं होतं तिने. श्यामकांतरावांना ती आलेली दिसली नसावी, पण पावलं ओळखू आली. त्यांनी हातातले कागद नीट एकावर एक लावले.

"दर्शना, मला खडक दिसत नाहीत गं. सहा महिने झाले."

"माहीत आहे, बाबा."

"तू आलं म्हणायचीस, तेव्हा मला कळायचं, आलेलं नाही ते."

ती आत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. मला उठून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. मग श्यामकांतरावांनी ते विचारलं, जे विचारायला लागू नये म्हणून एकाने सहा महिने फसलेले फोटो काढले होते आणि दुसरीने ते चांगले म्हटले होते.

"मग आता रविवारी तू कशाला यायचं?"

दर्शनाने ओढणीने नाक पुसलं.

"तुम्हाला भेटायला," ती म्हणाली.

त्यांचा हात हवेत चाचपडला, तिच्या खांद्याला लागला, तिथून डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी डोळे पुसले. चष्म्यावर वाफ आली असं कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती, रडू आलं होतं ते आलं होतं. मग मी उठले आणि दुसऱ्याच्या घरात, कुणाला न विचारता, तीन कप चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.